‘व्हय, खरं…’ : मुलांबरोबर विचाराची बैठक कशी बसवावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं आपण ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो. ‘येतो, खरं उशीर होईल.’ ‘आमटी झ्याक झालीया, खरं तिखट हाय.’ पुण्याचा पाहुणा गोंधळतो, कारण त्याच्या लेखी ‘खरं’ म्हणजे सत्य. आपल्या बोलीत मात्र शंका आणि सत्य या दोघांना एकच शब्द आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. पोरगं ‘व्हय, खरं…’ म्हणून अडखळतं तेव्हा त्याला काहीतरी खटकलेलं असतं. शाळेत आणि घरात नेमकं तिथंच आपण त्याला थांबवतो. ‘उलट बोलू नको.’ ‘मोठ्यांच्या मधे तोंड घालू नको.’ मीही शिक्षिका म्हणून हे पुष्कळ वर्षं केलं.

आता खानापूर तालुक्यातल्या एका गावात, समाज मंदिराच्या व्हरांड्यात, दर शनिवारी दुपारी मी मुलांची बैठक घेते. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळं दुपार मोकळी. बैठकीत थोडी शांतता, मग एका प्रश्नावर बोलणं, मग हाताचं काम. मुलं याला ‘खरंचा तास’ म्हणतात. तुमच्या गल्लीत, वाचनालयात, शाळेत हे करायचं असेल तर कसं करायचं, ते इथं लिहिते आहे.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन हे कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायचे. विशीतल्या विद्यार्थ्यांनाही नीट कारणं देता येत नाहीत हे बघून त्यांच्या लक्षात आलं की विचार करायची सवय लहानपणीच लागायला हवी. 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरला त्यांनी ॲन मार्गारेट शार्प यांच्यासोबत या कामासाठी संस्था उभी केली. तत्त्वज्ञांची नावं आणि मतं पाठ करून घेणं त्यांना नको होतं. मुलांनी गोलात बसावं, स्वतःचे प्रश्न काढावेत, एकमेकांची कारणं तपासावीत, एवढंच त्यांनी मागितलं. चिकित्सा, नवी कल्पना आणि दुसऱ्याची कदर हे तिन्ही विचाराचेच भाग आहेत, असं लिपमन मानायचे. मी कामाला लागले ते त्यातल्या तिसऱ्या भागामुळं. नुसती हुज्जत घालायला शिकवायचं असतं तर वक्तृत्व स्पर्धा होत्याच की.

जागा आणि मुलं

बारा ते पंधरा मुलं पुरे. वीस झाली की मागच्यांची पाळीच येत नाही. तिसरी ते सातवीची मुलं मी एकत्र बसवते, खरं सुरुवातीला तुम्ही तिसरी-चौथी वेगळी आणि पाचवी ते सातवी वेगळी ठेवा. मोठी मुलं एकदा ऐकायला शिकली की लहानांना आत घ्या. लहान मुलं असे प्रश्न विचारतात की सातवीतल्याला सुचणार नाहीत.

गोलात बसायचं, आणि तुम्हीही खालीच बसायचं. खुर्चीवर बसलात की प्रत्येक वाक्य तुमच्याकडं वळतं. माझे गुडघे दुखतात म्हणून मी भिंतीला टेकून पाट घेते, खरं तो पाट त्याच गोलात असतो. मोबाईल पिशवीत, तुमचासुद्धा.

वेळ सव्वा तास धरा. पाच मिनिटं शांतता, पाच-दहा मिनिटं गोष्ट किंवा वस्तू, दहा मिनिटं प्रश्न काढायला आणि निवडायला, पंचवीस मिनिटं बोलणं, वीस मिनिटं हाताचं काम, उरलेला वेळ आवराआवरीला. घड्याळ सैल ठेवा. चर्चा रंगली तर हाताचं काम पुढच्या शनिवारी.

सामान थोडंच लागतं: देवघरातली पितळी घंटा किंवा काशाचं ताट, नदीतला एक गुळगुळीत दगड, जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं, खडू, कोळसा आणि माती. खानापुरात मातीला तोटा नाही. इथली कौलं आणि मडकी लांबवर जातात, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. जवळपास कुंभारवाडा असेल तर मळलेला गोळा तिथूनच आणा. शेतातली माती चाळून, भिजवून, दोन दिवस ओल्या फडक्यात ठेवली तरी चालते.

पाच मिनिटं भानाची

आपल्याकडं ‘भानावर ये’ म्हणतात, ते इथं शब्दशः करायचं. घंटा एकदा वाजवायची. नाद ऐकत राहायचं आणि तो आपल्यापुरता संपला की बोट वर करायचं. बोटं वेगवेगळ्या वेळी वर येतात. कुणाचा नाद लवकर संपतो, कुणाचा उशिरा. कधी कधी यातूनच दिवसाचा प्रश्न निघतो: नाद संपला, की माझं ऐकणं संपलं?

दुसरा प्रकार आवाज मोजायचा. दोन मिनिटं गप्प बसून लांबचे, जवळचे आणि स्वतःच्या आतले आवाज ऐकायचे. एसटीचा हॉर्न, गिरणीचा पट्टा, कोंबडा, शेजाऱ्याचा श्वास, स्वतःचं पोट. तिसरा प्रकार खाण्याचा. जॉन कबट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या आणि ताणाच्या रुग्णांसाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला एक मनुका सावकाश खायचा सराव जगभर पोचला. मी चुरमुरा घेते. एकच. तळहातावर ठेवून बघायचा, कानाशी धरून चुरडायचा, जिभेवर ठेवून न चावता थांबायचं. हातात चुरमुरा असताना थांबणं दहा वर्षांच्या पोराला फार जड जातं, आणि थांबता आलं की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं.

इथं तीन गोष्टी सांभाळा. डोळे मिटायची सक्ती करू नका. काही मुलांच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि डोळे मिटले की तेच त्यांच्यासमोर येतं. ज्याला नको असेल त्यानं जमिनीवरच्या एका ठिपक्याकडं बघावं. ‘मन रिकामं करा’ म्हणू नका, ते मोठ्यांनाही होत नाही. मन भटकलं तर कुठं गेलं ते बघायचं आणि परत यायचं, एवढंच सांगा. आणि कुठल्याही एका धर्माचा जप यात आणू नका. माझ्या गोलात लिंगायत, मराठा, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळ्या घरची मुलं आहेत. घंटेचा नाद सगळ्यांचा होतो, जप होत नाही.

दंगा केला म्हणून शांत बसवायचं, असंही कधी करू नका. शांतता ही शिक्षा झाली की ती परत गोड होत नाही.

गोष्ट सांगा, तात्पर्य गिळा

बोलायला काहीतरी निमित्त लागतं. गोष्ट, वस्तू, चित्र, गावात घडलेला प्रसंग, काहीही चालतं. अट एवढीच की त्यात उत्तर आधीच भरलेलं नको. आपल्या शाळांत गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ लिहायची जुनी सवय आहे. तात्पर्य आलं की विचाराचं दार बंद होतं. बोधकथा घेतलीत तरी शेवटचं वाक्य सांगू नका.

मला आजूबाजूच्या गोष्टी जास्त कामाला आल्या. एकदा मी घरचा विळा नेला. आज्जाचा विळा. आज्जानं त्याची मूठ बदलली, नंतर वडिलांनी पातं बदललं. अजून घरात सगळे त्याला ‘आज्जाचा विळा’च म्हणतात. मुलांसमोर तो ठेवला आणि एवढंच सांगितलं. चाळीस मिनिटं मला तोंड उघडावं लागलं नाही.

आपल्याकडं अशी निमित्तं जागोजागी आहेत. कर्नाटकी बेंदराला मातीचे बैल पुजतो आणि नंतर ते विरघळतात. दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत पोरं किल्ले बांधतात, रात्र रात्र जागून, आणि नंतर तो मोडला जातो. ‘मोडायचाच हाय तर बांधायचा कशाला?’ हा प्रश्न मला एका पाचवीतल्या मुलानं विचारला, तोही स्वतःच्या किल्ल्याशेजारी उभा राहून. निपाणीकडच्या घरात आई गप्पा मारत विड्या वळते, बोटं आपोआप चालतात. मग तिचं लक्ष कुठं असतं, बोटात की बोलण्यात? कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथलं कुंडाचं पाणी आणि खानापूरच्या पुलाखालचं पाणी एकच का?

प्रश्न मुलांचे

निमित्त दाखवून झालं की एक मिनिट गप्प. मग दोघा-दोघांनी मिळून एक प्रश्न काढायचा. तो पाठकोऱ्या कागदावर लिहायचा आणि खाली नावं घालायची. लिहिता येत नसेल तर सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचा.

सुरुवातीला प्रश्न परीक्षेसारखे येतात. ‘मलप्रभा कोठे उगम पावते?’ त्यांना नाकारू नका, तीन ढीग करा. पहिल्या ढिगात पुस्तकात सापडणारे प्रश्न. दुसऱ्यात जाऊन बघून किंवा कुणाला विचारून कळणारे. तिसऱ्यात पुस्तक आणि माणूस दोन्ही असूनही ज्याचा विचारच करावा लागतो असे. उगम कुठं, हा पहिल्या ढिगातला. ‘रोज नवीन पाणी येतंय तर नदी तीच कशी?’ हा तिसऱ्यातला. हाच प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसला अडीच हजार वर्षांपूर्वी पडला होता, हे मी मुलांना चर्चा संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ती त्याचं उत्तर शोधत बसली असती.

ढीग करायचं काम मुलांनाच द्या. एखादा प्रश्न कुठल्या ढिगात जातो यावर भांडण झालं तर तो बहुधा सगळ्यात चांगला प्रश्न असतो. मग मत घ्या. प्रत्येकाला दोन खडे द्या, आवडेल त्या प्रश्नावर ठेवायचे. ज्याचा प्रश्न निवडला गेला नाही तो हिरमुसतो, म्हणून उरलेले कागद टाकू नका, डब्यात ठेवा. माझा डबा चुरमुऱ्याच्या लाडवांचा जुना पत्र्याचा आहे. कधी निमित्त सापडलं नाही तर डबा उघडायचा.

बोलणं: ‘व्हय’ आधी, ‘खरं’ नंतर

या भागात सगळा जीव आहे.

पहिली फेरी दगड फिरवून घ्यायची. ज्याच्या हातात दगड त्यानं बोलायचं, नको असेल तर पुढं द्यायचा. एक फेरी झाली की दगड मधे ठेवा. पूर्ण चर्चा दगडावर चालवली तर मुलं एकमेकांना उत्तर देत नाहीत, आपापलं ठरवलेलं म्हणून दाखवतात.

नंतरचा नियम एकच. कुणाचं खोडायचं असेल तर वाक्य ‘व्हय’नं सुरू करायचं, आणि त्या ‘व्हय’मध्ये समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं. तो ‘असंच म्हणालो मी’ म्हणाला की मगच ‘खरं’. या नियमानं काय होतं ते एक प्रसंग लिहून दाखवते. शाळेत दुपारच्या जेवणात अंडं मिळतं, अंडं न खाणाऱ्याला केळं. प्रश्न होता, ‘हे सारखं झालं का?’

सातवीतला एक मुलगा म्हणाला, ‘सगळ्यांना एकच द्यायला पायजे. अंड्याची किंमत आन् केळ्याची किंमत येगळी.’

तिसरीतली मुलगी म्हणाली, ‘व्हय, तू म्हणतोस किंमत सारखी पायजे. खरं मी अंडं खात न्हाई. मला अंडं दिलं तर टाकावं लागतंय. मग मला काय दिलं?’

तो थांबला. मी विचारलं, ‘सारखं म्हणजे नेमकं काय सारखं? वस्तू, किंमत, का आणखी काय?’

पाचवीतला एक जण हळूच म्हणाला, ‘पोट. पोट सारखं भराय पायजे.’

‘व्हय, पोट भराय पायजे. खरं माझं पोट मोठं हाय,’ दुसरा म्हणाला. ‘मला दोन लागतात.’

तिथून गाडी कुठल्या कुठं गेली. ज्याला जास्त लागतं त्याला जास्त द्यायचं का, जो शेतात राबून येतो त्याला का, ज्याच्या घरी रात्री जेवण नसतं त्याला का. शेवटच्या वाक्यावर दोन मुलं गप्प झाली आणि मी चर्चा तिथं थोडी थांबवली. तेही करावं लागतं. कुणाच्या घरचं उघडं पडेल असं वाटलं की प्रश्न दुसऱ्या गावात न्या: ‘समजा एका गावात असं एक पोरगं हाय…’

तुमच्या हातात पाच-सहा साधे प्रश्न ठेवा आणि बाकी गप्प राहा. म्हणजे काय? कशावरून? दर वेळी असंच होतं का? उलट झालं असतं तर? तिचं आणि तुझं म्हणणं एकच की वेगळं? कुणाला याच्या उलट उदाहरण सुचतंय? मी हे पुठ्ठ्यावर लिहून खांबाला टांगले आहेत. तीन-चार महिन्यांनी मुलं पुठ्ठ्याकडं बोट दाखवून एकमेकांना विचारायला लागली. ‘कशावरून गा?’ हे वाक्य आता मैदानातही ऐकू येतं.

प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षकाला दोन सेकंदांची शांतता सहन होत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मी पाठीमागं बोटं मोजते, सातपर्यंत. सहाव्या-सातव्या बोटाला बहुधा तोच मुलगा बोलतो जो एरवी कधी बोलत नाही.

‘शाब्बास’ म्हणू नका. ऐकायला कठोर वाटेल, खरं त्या शब्दानं मुलं विचार सोडून तुमचा चेहरा वाचायला लागतात. ‘ऐकलं’ म्हणा, किंवा त्यांचंच वाक्य परत सांगा. मी हे अनुभवानं शिकले. पहिल्या वर्षी ‘वाटून खाणं’ या विषयावर माझ्या मनात उत्तर पक्कं होतं आणि मी मुलांना ढकलत ढकलत तिकडं नेत होते. चौथीतली एक मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, ‘बाई, तुम्हाला काय पायजे ते सांगा, आम्ही म्हणतो.’ त्या दिवशी घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. तिनं शाळेत जे शिकायचं ते अचूक शिकलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत मी होते.

मुलांना कामं वाटून द्या. फ्रान्समध्ये मिशेल तोझी यांनी अशा चर्चेत मुलांना भूमिका देण्याची पद्धत रुजवली. आमच्याकडं तिघं असतात: पाळी देणारा, परत सांगणारा, बघणारा. पाळी देणारा कधी न बोललेल्याला आधी संधी देतो. परत सांगणारा मधेच थांबवून ‘आत्तापर्यंत असं असं झालं’ म्हणतो. बघणारा बोलत नाही. कुणी कुणाचं ऐकलं, कुणी मधेच तोडलं, हे कागदावर रेघा मारून टिपतो. सगळ्यात दंगेखोर पोराला बघणारा करा.

पंचवीस मिनिटांनी चर्चा थांबवा, उत्तर आलं असो वा नसो. शेवटी एकच विचारा: कुणाचं मत हललं? हललं असेल तर कुणाच्या बोलण्यानं? मत बदलणं ही हार नव्हे हे सांगून पटत नाही. आपला मित्र सगळ्यांसमोर ‘तिच्यामुळं माझं बदललं’ म्हणतो तेव्हाच ते पटतं.

हातानं विचार

नुसत्या चर्चेत वाचाळ मुलं जिंकतात. लाजरं पोरगं, अडखळत बोलणारं, घरी दुसरीच भाषा बोलणारं, ही सगळी मागं पडतात. म्हणून हाताचं काम. ते चर्चेनंतरच करायचं असं नाही. अवघड प्रश्न असेल तर मी आधी माती देते.

बेंदराच्या आठवड्यात आम्ही केलं ते असं. प्रत्येकाला लिंबाएवढा मातीचा गोळा. बैल करायचा. सगळ्यांचे बैल मधे मांडायचे, मिनिटभर बघायचे. मग आपला बैल मोडायचा आणि त्याच मातीचं दुसरं काहीतरी करायचं. (एक-दोन मुलं मोडायला तयार नसतात. त्यांना मोडायला लावू नका. तेही उत्तरच आहे, नंतर त्यांना कारण विचारा.) मग प्रश्न: बैल कुठं गेला? माती तीच आहे, वजन तेच आहे. कुणी म्हणालं, मेला. कुणी म्हणालं, कधी नव्हताच, मातीच होती. सहावीतला एक मुलगा, जो चर्चेत वर्षभर ‘गोत्तिल्ल’च्या (कन्नडमध्ये ‘माहीत नाही’) पुढं गेला नव्हता, तो म्हणाला, ‘बैल माझ्या हातात गेला. मला परत करता येतोय, म्हंजे तो हातात हाय.’ मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. यापेक्षा नेमकं बोललेलं मला आठवत नाही.

चित्र काढताना ‘छान काढ’ म्हणू नका आणि स्पर्धा लावू नका. कोळसा आणि खडू मला रंगपेटीपेक्षा बरे वाटतात, कारण सगळ्यांकडं सारखेच असतात. काम सांगताना वस्तू सांगू नका, प्रश्न सांगा. ‘झाड काढ’पेक्षा ‘जे कुणाचंच नाही असं काहीतरी काढ’ म्हणा. चित्र झाल्यावर आधी दुसऱ्यांनी सांगायचं काय दिसतं, मग काढणाऱ्यानं.

दोन भाषा हाताशी आहेत

आपली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात, टीव्हीवर हिंदी ऐकतात, आणि खानापूरच्या काही घरांत कोकणीही असते. याला बरेच पालक ओझं समजतात. विचाराच्या बैठकीत हीच श्रीमंती ठरते. एका शब्दाला दुसऱ्या भाषेत काय म्हणतात असं विचारलं की अर्धा प्रश्न आपोआप उघडतो.

‘मन कुठं असतं?’ या प्रश्नाच्या दिवशी कन्नड घरातली एक मुलगी म्हणाली, ‘मने म्हंजे घर.’ कन्नडमध्ये ‘मने’ म्हणजे घरच; मनाला ‘मनस्सु’ म्हणतात. शब्द जुळले हा योगायोग, खरं त्या दिवशीची बैठक तिनं उघडून दिली. मन घरासारखं आहे का? त्याला दार असतं का? कडी आतून असते की बाहेरून? न बोलावता कोण आत येतं? शेवटी सगळ्यांनी आपापलं मन घर म्हणून काढलं. एका चित्रात माळा होता, त्यावर कुणी चढायचं नाही असं लिहिलेलं.

हिंदीत काल आणि उद्या दोन्हीला ‘कल’. त्यांना गोंधळ होत नसेल का? आणि सगळ्यात जवळचा शब्द ‘आपण’. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. कन्नडमध्ये दोन्हींना ‘नावु’ पुरतं. खडूनं मोठा गोल काढा, त्यावर ‘आपण’ लिहा, आणि मुलांना विचारा आत कोण. घरी कोण, शाळेत कोण, कबड्डीच्या मैदानात कोण, पूर आला तेव्हा कोण. दर वेळी गोल पुसून नवा काढावा लागतो.

इथून सीमेचा प्रश्न फार लांब नाही. 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडं मराठी माणसं काळा दिन पाळतात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली त्या दिवसाच्या या दोन आठवणी. मुलं दोन्ही बघतात. ‘एकच दिवस दोघांना येगळा कसा?’ असं कुणीतरी विचारणारच. माझं स्वतःचं मत आहे आणि ते पक्कं आहे, खरं बैठकीत ते मी मांडत नाही. मोठ्यांची घोषणा मुलाच्या तोंडात घालणं मला मान्य नाही, मग ती माझी का असेना. हा विषय सातवीच्या खाली घेऊ नका, आणि घेण्याआधी घरच्यांना सांगा. गोलात दोन्ही घरची मुलं असतील तरच घ्या. एकाच बाजूची असतील तर तो विचार होत नाही, सभा होते.

मरणाचं तसंच. आज्जी गेली की मुलं विचारतात ती कुठं गेली. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं असतं आणि ते खोटं पाडायचा आपल्याला अधिकार नाही. ‘तुझ्या घरी काय म्हणतात? तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा. पोरगं रडायला लागलं तर चर्चा बाजूला ठेवून जवळ घ्या.

घरचे आणि अपेक्षा

दोन-तीन महिन्यांनी एखादी आई येऊन म्हणणारच, ‘बाई, पोरगं फार उलट उत्तरं द्यायला लागलंय.’ तिला खोटं पाडू नका. घरी ‘व्हय’ विसरून नुसतं ‘खरं’ चालू असतं. मी घरच्यांना एकदा बैठकीला बोलावते, मागं बसवते, बोलायचं नाही अशी अट घालते. आपला मुलगा दुसऱ्याचं म्हणणं परत सांगतोय हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की तक्रारीचा सूर बदलतो. मुलांनाही सांगते की घरी ‘व्हय’ दुप्पट लांब करायचं.

मार्क वाढतील असं सांगून मुलं गोळा करू नका. इंग्लंडमध्ये 48 शाळांत अशा चर्चेची चाचणी झाली, 2015 मध्ये आलेल्या निष्कर्षात वाचन आणि गणितात साधारण दोन महिन्यांची प्रगती दिसली. नंतरच्या मोठ्या चाचणीत, 2021 मध्ये, वाचनात तसा फायदा आढळला नाही. सजगतेचंही तसंच. 85 शाळांतल्या आठ हजारांवर मुलांची ब्रिटिश चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात वर्गात सगळ्यांना शिकवलेल्या सजगतेनं मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीच्या वर्गांपेक्षा सुधारलं नाही. म्हणून मी शांतता पाच मिनिटांवर ठेवते आणि तिला औषध म्हणत नाही. खरोखर त्रासात असलेल्या मुलाला डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो, घंटा नव्हे.

मला दिसलं ते एवढं. मुलं ‘मला माहीत नाही’ हे न लाजता म्हणायला लागली. भांडणात ‘म्हणजे तू काय म्हणतोस?’ हे वाक्य यायला लागलं. एका मुलीनं घरी धाकट्या भावाला पाठ करायला लावण्याऐवजी प्रश्न विचारायला सुरुवात केली, हे तिच्या आईनं मला बाजारात थांबवून सांगितलं. यातलं कुठल्याही परीक्षेत मोजता येणार नाही. मी तरीही दर शनिवारी जाते.

वही ठेवा

प्रत्येक बैठकीनंतर दहा मिनिटं काढून स्वतःच्या वहीत लिहा: प्रश्न काय होता, कोण बोललं नाही, मी कुठं नको तिथं बोलले. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. माझ्या जुन्या वहीत ती ओळ पानभर असायची, आता दोन-तीन वाक्यांत आवरते.

सुरुवात जून-जुलैत करू नका. आमच्याकडं जुलैत कौलांवर पाऊस असा कोसळतो की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. नवरात्रानंतर, शेतातली घाई जरा ओसरली की सुरू करा, म्हणजे पावसाळ्यापर्यंत मुलांची घडी बसलेली असते. आणि चालू बैठकीत पाऊस आलाच तर ओरडून चर्चा चालवू नका. डब्यातला एक प्रश्न काढून मधे ठेवा, माती द्या, आणि सगळे गप्प बसून पाऊस थांबेपर्यंत करत राहा.